शाईने लिहिलेला प्रश्न

आत्या वाक्याच्या मध्यावर थांबली, आणि मुद्रितांच्या खोलीत अशी शांतता पसरली की खालच्या मजल्यावरच्या यंत्राची लय एकेक पायरी चढून वर येताना ऐकू यावी.

एकतीस वर्षांत ती अशी कधी थांबली नव्हती. छापखान्याची ही रीत अण्णांनी, तिच्या वडिलांनी, घालून दिलेली. मुद्रित, म्हणजे छपाईआधीची कच्ची प्रत, दोघांनी तपासायचे. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट फिरवत ऐकायचे. आणि मजकूर संपेपर्यंत कोणी मत द्यायचे नाही, मग तो मजकूर मृत्युपत्राचा असो, शाळेच्या अहवालाचा असो की कोणाच्या प्रेमकवितांचा. अण्णा गेले, शिशाचे खिळे भंगारात गेले, ते जुळवणारा म्हणून जुळारी म्हणवणारा धाकटा भाऊ संगणकापुढे बसू लागला. रीत तेवढी मागे राहिली, जुन्या भाडेकरूसारखी. तिला घालवावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

आज मूळ प्रतीवर बोट होते ते दादाचे, तिच्या थोरल्या भावाचे. सगळा घोळ तिथेच झाला होता. त्रैमासिकाचा शेवटचा, सोळा पानांचा फर्मा उद्या सकाळी छपाईला जायचा होता, धाकटा खाली यंत्रापाशी अडकला होता, आणि दादा चष्म्याची डबी विसरली म्हणून सहज वर डोकावला होता. "बस रे जरा, बोट तर फिरवायचंय," असे म्हणून तिनेच त्याला खुर्चीत बसवले. लेखाचे शीर्षक वाचले तेव्हाच खरे तर तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती: 'दार उघडणारी बाई: एका रहस्यकादंबरीतील स्त्री-पुरुष भूमिका'. लेखिकेच्या जागी नुसती आद्याक्षरे. दुसऱ्या परिच्छेदात कादंबरीचे नाव आले, 'तिसऱ्या मजल्यावरचा पाहुणा'. म्हणजे दादाची चौदावी, गेल्या हिवाळ्यात याच छापखान्यात छापलेली. आणि त्याच क्षणी खिडकीशी पाठमोरी उभी असलेली भाची, धाकट्याची लेक, काचेवरची न दिसणारी धूळ बोटाने पुसू लागली. आद्याक्षरे तिचीच होती.

पण लेख संपला नव्हता. एका पानामागून दुसरे येत गेले आणि रीतीने दोघांनाही खुर्च्यांना बांधून ठेवले. आत्या वाचत गेली, दादाचे बोट सरकत गेले.

'पहिल्याच पानावर एक बाई मरते,' असे लेखात होते. 'तिच्या केसांना सहा ओळी मिळतात, मनगटाला चार. नावाला मात्र एकसष्टाव्या पानापर्यंत वाट पाहावी लागते. खुन्याला बालपण आहे, निरीक्षकाला निद्रानाश आहे. बायकांना आहे ते वर्णन.' पुढे निरीक्षकाच्या बहिणीवर चार पाने होती. 'ही बहीण एकेचाळीस वेळा दार उघडते आणि त्यातून दोनदाच बाहेर पडते. तिला विचारलेले प्रश्न एकूण सात. त्यांतले पाच किल्ल्या कुठे आहेत याबद्दल.' इथे आत्याला हसू आवरता आवरता ठसका लागला होता. ते दार तिने स्वतःच्या तोंडाने एकेचाळीस वेळा उघडले होते, पहिले मुद्रित वाचताना, आणि एकदाही मोजले नव्हते.

मग अकरावे पान आले. 'एकोणिसाव्या प्रकरणाच्या अखेरीस भाऊ खुन्याचे नाव सांगतो. खुनी घरातलाच म्हणावा असा, दर शनिवारी घड्याळाला किल्ली द्यायला येणारा घड्याळजी. बहीण दचकत नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत राहते. आणि निवेदक, संपूर्ण कादंबरीत एकदाच, मान वळवून तिच्याकडे पाहतो: तिला हे आधीच माहीत होते का?'

इथे ती थांबली होती.

कारण ते वाक्य तिचे होते.

हिवाळ्यातली ती दुपार तिला लख्ख आठवली. सहाव्या प्रकरणात बहीण त्या घड्याळजीचा कोट झटकून खुंटीला लावते आणि एक बटण तुटलेले पाहते. आठव्यात तेच बटण, मेलेल्या बाईच्या मुठीत सापडलेले, निरीक्षकाच्या टेबलावर पडलेले असते आणि बहीण ते टेबल पुसते. तपासता तपासता आत्याला खरोखरच कुतूहल वाटले होते. तिने कागदाची पट्टी फाडली, प्रश्न लिहिला आणि एकोणिसाव्या प्रकरणाच्या अखेरीस समासात चिकटवली. तपासणाऱ्याचा प्रश्न पेन्सिलीने, लेखकाची भर शाईने, हाही अण्णांचाच नियम. पण त्या दिवशी पेन्सिल धाकट्याने उचलून कानाला लावली होती, म्हणून हाताशी असलेले पेन घेतले. दुसऱ्याच दिवशी ती डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी भरती झाली. दुसरे मुद्रित धाकट्याने एकट्यानेच पाहिले. दादा स्वतःचे छापलेले पुस्तक कधी उघडत नाही. आणि प्रश्न, शाईत होता म्हणून, भर समजून पुस्तकात जाऊन बसला.

"पुढे," दादा म्हणाला. बोट अजून ओळीवर होते.

तिने पुढे वाचले. 'हे वाक्य लेखकाने जाणून लिहिले की नकळत, हा मुद्दा गौण आहे. या एका वाक्यात लेखणी लेखकाच्या पुढे गेली आहे.' पूर्णविराम. लेख संपला.

"आता बोलायला हरकत नाही ना?" दादाने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे वळला. "बाईसाहेब, आद्याक्षरांमागे लपलात ते ठीक. पण घरच्याच छापखान्यात माझी उत्तरीय तपासणी छापून घ्यायची, ही छाती मानली तुमची."

"मी कुठे दिला इथं छापायला?" भाची वळली. "संपादकांनी दिला. मला कालच कळलं."

"आणि थांबवायला धावलीस."

"थांबवायला नाही. बोलणी खायचीच तर समोर खावीत म्हणून आले."

"अगं, दहा पानं फासावर लटकवून अकराव्या पानावर पाणी पाजतेस. बोलणी कसली घालू?"

तो हसत होता, हे पाहून आत्याला नवल वाटले. दादाच्या हसण्याचे प्रकार तिला ठाऊक होते: समीक्षकांसाठीचे कोरडे, सभांमधले गोल, आणि लहानपणचे, कैऱ्या पाडताना पकडले गेल्यावरचे. हे तिसऱ्याच्या जवळचे होते. चौदा कादंबऱ्यांत कोणी समीक्षक त्याच्या एका वाक्यापाशी थांबला नव्हता. लोक त्याचे पुस्तक प्रवासात वाचत आणि उतरताना बाकावर विसरून जात.

"पण काका, मोजलं ते चुकलंय का?" भाची टेबलाशी आली. धीर आल्याबरोबर तिचा आवाज वर्गातला झाला. "मी तीनदा मोजलं. एकेचाळीस."

"मोजलंस ते बरोबर असेल. पण घरात कोणी तरी दार उघडणारच ना? घंटा वाजली की खुर्ची उठून उघडणार का?"

"निरीक्षक का उघडत नाही?"

"तो विचार करतोय."

"तीनशे पानं?"

"रहस्यकथा आहे ती, बाई. त्याचं कामच ते."

"आणि तिचं काम त्याला विचार करू देणं. हेच तर लिहिलंय मी."

दादाने आत्याकडे पाहिले, लहानपणी वाद हरायला लागला की पाहायचा तसे. "ठमे, तू सांग हिला. सव्वीस वर्षं तूच वाचतेस माझं. तुला कधी खटकलं?"

"मी चुका तपासते," आत्या म्हणाली.

"तेच म्हणतोय. चूक असती तर ठमीनं पकडली असती." तो पुन्हा भाचीकडे वळला आणि त्याचा आवाज खाली उतरला, गोष्ट सांगायच्या पट्टीत आला. "आणि ते वाक्य. त्याचं तू बरोबर ओळखलंस. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं मी. गॅलरीत बसलो होतो, संध्याकाळचा. समोरच्या खिडकीत एक बाई कपडे आवरत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे. आत आलो आणि ते लिहिलं."

भाचीने पर्समधून वही काढली होती. "हे मी तळटीपेत घालू? लेखकाशी झालेल्या संभाषणातून, असं?"

"घाल की."

आत्या ऐकत राहिली. त्या बाईच्या मानेचे वळण, संध्याकाळचा तो उजेड तिलाही दिसला, इतके ते सुरेख होते. दादाच्या गॅलरीसमोर गोदामाची भिंत होती. चार मजले उंच, एकही खिडकी नसलेली. तो खोटे बोलत नव्हता, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते. त्याने वाक्य ऐकले, त्याला ते आपलेसे वाटले आणि तिथल्या तिथे त्याने त्याच्यासाठी एक भूतकाळ रचला. कादंबऱ्याही तो अशाच रचत असे.

"लेखात तर लिहिलंस, लेखकाच्या मनात काय होतं ते गौण आहे," ती भाचीला म्हणाली. "मग तळटीप कशाला?"

भाची किंचित लाजली. "गौण आहे गं. पण मिळतंय तर का सोडा? पुढच्या महिन्यात मुलाखत आहे, महाविद्यालयातल्या नेमणुकीची. दाखवायला माझ्याकडे हा एकच लेख आहे."

जिन्यावर चपला वाजल्या आणि वहिनी वर आल्या. दादाची बायको रुग्णालयात क्ष-किरण विभागात होती. पांढरा कोट हातावर, किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला अजून पोलक्याला लावलेला. दाराशीच त्यांनी तिघांचे चेहरे पाहिले.

"काय मोडलंय?" त्यांनी विचारले.

"काही नाही," दादा म्हणाला. "पुतणीनं माझ्यावर लेख लिहिलाय."

"बरा की वाईट?"

"दहा आणि एक," भाची म्हणाली, आणि थोडक्यात सगळे सांगून टाकले. दारे, किल्ल्या, पहिल्या पानावरची बाई. वहिनी खुर्चीत टेकल्या आणि ऐकता ऐकता मान डोलवू लागल्या.

"पहिल्या तीन वाचल्या होत्या मी," त्या म्हणाल्या. "मग सोडलं. दिवसभर लोकांची मोडकी हाडं बघायची आणि घरी पाऊल टाकलं की हे विचारणार, प्रेत किती वेळ गरम राहतं. चहा गरम आहे का, असं नाही हो विचारलं कधी, वन्सं."

"तू छान सांगायचीस म्हणून विचारायचो," दादा म्हणाला.

"छापा तो लेख. मी तर म्हणते मोठ्या अक्षरात छापा." मग त्या थांबल्या. "पण ते एक वाक्य आहे ना, तिला माहीत होतं का, ते. त्याबद्दल लिहिलंयस?"

"त्यावरच तर संपतो लेख."

"आमच्याकडे एक जणी तुझ्या काकांची पुस्तकं वाचते. तिनं मला ते पान दाखवलं. मी तेवढं कापून घेतलं आणि लॉकरच्या दाराला आतून चिकटवलं." वहिनींनी हे नवऱ्याकडे न पाहता, टेबलाच्या कडेला सांगितले. "कोट काढायला लॉकर उघडला की रोज दिसतं. यांना विचारलं मी, हे कुठून सुचलं. तर म्हणाले, तुझ्यावरून."

भाचीने वहीकडे पाहिले. "मला तर काका म्हणाले, समोरच्या खिडकीतली बाई."

"कोणती खिडकी?"

"दोन्ही खरं असतं," दादा घाईने म्हणाला. "सुचणं काही एका धाग्याचं नसतं. तू त्या बाईत होतीस, असं समज."

वहिनींनी कोटाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

आत्या उठली. "धाकट्याला विचारून येते, किती वाजेपर्यंत थांबेल," असे पुटपुटून ती जिना उतरली. खाली शाईचा आणि तापलेल्या कागदाचा वास कोंडला होता. धाकटा यंत्राच्या तोंडाशी वाकून कागदाची थप्पी चाळत होता. तिला पाहून त्याने वेग कमी केला, इतका की बोलणे ऐकू यावे.

"वाचून झालं?" त्याने विचारले, आणि तिच्या तोंडाकडे पाहताच थप्पी खाली ठेवली. "कळलं तर तुला."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"पुस्तक बांधून आलं तेव्हाच. पान उलटता उलटता नजर गेली. तेव्हा कळलं, हे तुझं. पण जुळवताना शाई दिसली, ताई. मला वाटलं, दादाची भर आहे."

"माझी पेन्सिल तुझ्या कानाला होती."

धाकट्याने नकळत कानाला हात लावला. पेन्सिल तिथेच होती. दोघांनाही हसू आले आणि दोघांनीही ते गिळले.

"बोलला का नाहीस?"

"काय बोलू? दादाला पत्रं आली त्या वाक्यावर. माणूस दोन इंच उंच झाला. वहिनी म्हणे रुग्णालयात मिरवतात. आणि आता पोरीचा लेख. जाऊ दे ना, ताई. एका ओळीनं तिघांचं बरं होतंय. कोणाचं बिघडतंय?"

"तेच मला नीट सांगता येत नाही," आत्या म्हणाली. खरेच येत नव्हते. राग शोधला तर सापडत नव्हता. सापडत होते ते नुसते कुतूहल: आपण गप्प राहिलो, तर कोण गप्प राहिलेले असेल? घड्या घालत राहिलेली ती बहीण, की ही, मुद्रित वाचणारी? "अण्णा काय म्हणायचे, चूक छापून झाली की ती छापखान्याची. आतापर्यंत ती छापखान्याची आहे. उद्या तळटीप छापली की खिडकीतली बाई खरी होईल. मग पुढचा कोणी तळटीप वाचून लेख लिहील."

"आणि पोरीचा लेख पडेल."

"पडेल किंवा उभा राहील. तिला ठरवू दे. तिला माहीतच नाही तर ती ठरवणार कसं?"

धाकटा बाप होता आणि जुळारीही होता. कोणाची बाजू घ्यावी हे त्याच्या चेहऱ्यावर दोनदा पालटले. मग त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि पुढे केली.

"उद्या आठपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "त्याच्या पुढे नाही."

ती वर आली तेव्हा वहिनी खिडकीशी होत्या, दादा खुर्चीत, आणि भाची तळटीप सुवाच्य करत होती. आत्या जागेवर बसली, कागदाची पट्टी फाडली, पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या आणि अकराव्या पानाच्या समासात चिकटवली. मग पान भाचीपुढे सरकवले.

"प्रश्न आहे. मोठ्यानं वाच."

भाचीने वाचले. "'अवतरणातले वाक्य कादंबरीकाराचेच आहे, याची खात्री केली आहे का?'" तिने मान वर केली. "म्हणजे? छापलंय की पुस्तकात. पान दोनशे बारा."

"पुस्तकात आहे. मी विचारलंय ते वेगळं."

"ठमे, हे काय आता?" दादा म्हणाला.

"प्रश्न पडला की चिठ्ठी लावायची. तू लिहितोस, मी लावते, इतकी वर्षं तेच चाललंय."

भाचीची नजर आत्यावरून दादावर गेली, पुन्हा आत्यावर आली. सात वर्षांची असताना तिने भिंतीवरचे घड्याळ उघडून चाके जमिनीवर मांडली होती. तेव्हा तिच्या डोळ्यांत जे होते ते आत्याला आता पुन्हा दिसले.

"कोणाचं आहे मग?"

"माझं," आत्या म्हणाली.

इतक्या लहान शब्दाला एवढे बळ लागेल असे तिला वाटले नव्हते. मग बाकीचे सोपे गेले. कोट, बटण, पेन, दवाखाना. "कादंबरीचं पहिलं मुद्रित खाली कपाटात आहे. चिठ्ठी अजून तिथंच चिकटलेली असेल."

दादाच्या चेहऱ्यावर आधी चीड आली, मग ती ओसरली आणि मागे निखळ गोंधळ उरला.

"पण मला आठवतंय गं," तो म्हणाला. "ती बाई. तिची मान."

"समोर गोदाम आहे, दादा."

"गोदाम आहे," तो हळूच म्हणाला, जणू भिंत आत्ताच बांधली गेली होती.

वहिनी खिडकीतून वळल्या. आत्याने याच क्षणाची धास्ती घेतली होती. बाकी दोघे शब्दांची माणसे होती, शब्दांनी सावरली असती. वहिनी हाडे बघणाऱ्या होत्या.

"म्हणजे लॉकरवरचं तुमचं आहे, वन्सं."

"हो."

"कोणाबद्दल विचारलं होतंत?"

"तिच्याबद्दलच. बटणाबद्दल." आत्याला प्रामाणिक राहायचे होते. "पण लिहून झाल्यावर थोडा वेळ तशीच बसले होते. का, ते माहीत नाही."

वहिनींनी मान हलवली. "रोज सकाळी मला वाटायचं, यांनी एकदा तरी मला विचारलं." त्यांनी बिल्ला काढून कोटाच्या खिशात टाकला. "कात्रण मी काढणार नाही. कोणी तरी विचारलं होतं, एवढं खरं आहे ना?"

"तेवढं खरं आहे."

"मग माझा लेख," भाची म्हणाली आणि दोन्ही हात डोक्याला लावून बसली. "लेखणी लेखकाच्या पुढे गेली, म्हणे. कुठली लेखणी? निवेदकानं पाहिलंच नाही तिच्याकडे. लेखकाच्या घरातल्या बाईनं पाहिलं. दोनशे बारा पानं कोणी पाहिलं नाही, आणि पाहिलं ते..." ती बोलता बोलता थांबली. हात डोक्यावरून खाली आले. "आत्या. हे तर मी लिहिलंय त्याहून चांगलं आहे."

"दहा पानं तशीच राहू देत. अकरावं पुन्हा लिही. आठपर्यंत वेळ आहे."

"तुझं नाव घालावं लागेल."

"'मुद्रित तपासणारी' म्हण. तेवढं पुरे."

"नाही पुरत," भाची म्हणाली, आणि कोरा कागद ओढून घेतला. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. मग पेन हवेत धरून तिने विचारले, "पण चिठ्ठीला उत्तर कुठं मिळालं? रीत अशी आहे ना, की प्रश्नाला लेखकानं उत्तर द्यायचं. हो, नाही, काहीतरी. तुझा प्रश्न छापला गेला. उत्तर कोणीच दिलं नाही."

हे आत्याच्या ध्यानात आले नव्हते. श्रेयाच्या घोळात तो प्रश्न बिचारा प्रश्न होता, हे सगळेच विसरले होते. आणि आता, इतक्या महिन्यांनी, तो पहिल्या दिवसाइतकाच ताजा होऊन तिच्यासमोर उभा राहिला. ती खुर्ची सरकवून दादाच्या समोर आली. तो तिचा थोरला भाऊ होता. त्याची सगळी गुपिते, सगळे खुनी, सगळ्या मेलेल्या बायका तिने स्वतःच्या आवाजात वाचल्या होत्या.

"दादा, मला भांडायचं नाही. वाक्य तुझं म्हण, माझं म्हण. मला खरंच जाणून घ्यायचंय. तिनं कोट झटकला, बटण पाहिलं. टेबल पुसलं, तेच बटण पुन्हा पाहिलं. तिला माहीत होतं का?"

दादाने तोंड उघडले. त्याच्या चेहऱ्यावर ती गोष्टीची पट्टी येऊ लागली, डोळे किंचित बारीक, आवाज जुळवणारा गळा. आत्या वाट पाहत राहिली. पट्टी आली नाही.

"आणि माहीत होतं," ती म्हणाली, "तर दर शनिवारी ती त्याला दार का उघडत होती?"

भाचीचे पेन कागदावर टेकले होते. वहिनी नवऱ्याकडे पाहत होत्या, काळोख्या खोलीत क्ष-किरणाची फिल्म उजेडावर धरून पाहतात तशा. दादाने बहिणीकडे पाहिले. एकदा हातांकडे, एकदा तोंडाकडे. त्या नजरेत आत्याला ओळखीचे काही सापडेना, आणि तो तिला आत्ता पहिल्यांदाच पाहतो आहे की पहिल्यांदाच भितो आहे, हे तिला कळेना.

तो उठला. मूळ प्रतीची पाने त्याने टेबलावर आपटून कडा जुळवल्या, ती जागेवर ठेवली आणि दाराकडे चालू लागला. दार बंद होते. कोणी उठले नाही. त्याने स्वतःच दार उघडले आणि तो जिना उतरू लागला. वळणावर पावले थबकली. मग ती पुन्हा खाली निघाली, आणि यंत्राच्या आवाजात एकेक करून ऐकू येईनाशी झाली.